पाणी कमी म्हणजे फुप्फुसं खुरटलेलीच, असं नाही
बरेच जण म्हणतात की गर्भजल (पोटात बाळाभोवती असणारं पाणी) कमी दिसलं म्हणजे बाळाची फुप्फुसं खुरटणारच. इतकं सरळ नाही ते. पाणी कधी आटलं हे आधी विचारा. 24 आठवड्यांच्या आत असेल तर धोका मोठा, नंतर बराच कमी. फुप्फुसं खुरटण्याचं दुसरं कारण म्हणजे बाळाच्या श्वासपटलाला (छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला) भोक असणं; तेव्हा मात्र मोजमाप कामाला येतं: सोनोग्राफीत हृदयाचे चारही कप्पे दिसतील अशा आडव्या छेदात भोकाच्या विरुद्ध बाजूचं फुप्फुस मोजायचं, डोक्याच्या घेराने भागायचं, त्या आठवड्याच्या अपेक्षित आकड्याशी ताडायचं. डाव्या बाजूच्या भोकात ते अपेक्षित आकड्याच्या 25 टक्क्यांच्या खाली आलं की प्रकरण गंभीर. यकृत छातीत सरकलंय का, तेही रिपोर्टमध्ये बघाच. आणि हो, स्टेरॉइडच्या इंजेक्शनने फुप्फुसं परिपक्व व्हायला मदत होते, आकाराने वाढत नाहीत. ही गल्लत बरेच जण करतात.