सलाईन, दम्याचा पंप, प्री-वर्कआउटचा डबा: चाचणीच्या यादीत नाव आल्यावर काय काय सांभाळायचं?

तालीमकोच

आमच्याकडचा ७३ किलो गटातला एक ज्युडोका नुकताच रजिस्टर्ड टेस्टिंग पूलमध्ये, म्हणजे डोपिंग चाचणीसाठी कधीही गाठता येणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, गेला आहे. स्पर्धा तीन महिन्यांवर आहे. दर वेळी चार-पाच किलो उतरवून तो गटात बसतो. आधीच्या क्लबात वजन दिल्यावर सलाईन लावायची पद्धत होती. त्याला दमा आहे, सल्ब्युटामॉलचा पंप वापरतो. गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं आहे. शिवाय प्रोटीन आणि प्री-वर्कआउट (व्यायामाआधी घ्यायची पावडर) चालूच आहे. मुद्दाम काही घेणारा मुलगा नाही, तेव्हा प्रवचन नको. नियम आणि आकडे सांगा.

काटेकोर

आधी सलाईन, कारण प्रामाणिक खेळाडू सहज अडकतो तो तिथेच. वाडाच्या, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या, बंद गोष्टींच्या यादीत १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणं ही पद्धतच बंद आहे, स्पर्धा असो वा नसो. बाटलीत काय होतं हे कोणी विचारत नाही. नुसतं मिठाचं पाणी असलं तरी उल्लंघन ते उल्लंघनच, आणि नेहमीची बाटली ५०० मिलिलिटरची असते. सूट आहे ती हॉस्पिटलमधले उपचार, शस्त्रक्रिया आणि निदानाच्या तपासण्यांना. हॉटेलच्या खोलीत डॉक्टर बोलावून लावलेली बाटली यात बसत नाही, आणि 'वजन उतरवल्यामुळे अशक्तपणा आला' हे वैद्यकीय कारण म्हणून कोणी मान्य करणार नाही. बंदीमागचं कारण सरळ आहे: एवढं द्रव शिरेत गेलं की रक्त पातळ होतं आणि बायोलॉजिकल पासपोर्टमधले, म्हणजे खेळाडूच्या रक्ताच्या दीर्घकाळ ठेवलेल्या नोंदीतले, हिमोग्लोबिनचे आकडे फिरतात.

ज्युडोत तर सलाईनचा तसा फायदाही नाही. वजन आदल्या दिवशी होतं, पण स्पर्धेच्या सकाळी चिठ्ठीने निवडलेल्यांना पुन्हा काट्यावर उभं करतात आणि गटाच्या ५ टक्क्यांहून वर गेलेलं चालत नाही. ७३ च्या गटात ही हद्द ७६.६५ किलोवर येते. तोंडाने ओआरएस आणि जेवण घेऊन रात्रभरात तेवढं भरून निघतं. अंगात पाणी धरून ठेवणारं ग्लिसरॉल २०१८ पासून यादीतून बाहेर आहे, त्यामुळे त्याची धास्ती नको.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या मात्र बाराही महिने बंद. फ्युरोसेमाइड, टोरासेमाइड, हायड्रोक्लोरोथायाझाइड, स्पायरोनोलॅक्टोन, ॲसिटाझोलामाइड, सगळ्या. त्या वजन तर घटवतातच, वर लघवी पातळ करून दुसरं काही लपवायलाही उपयोगी पडतात, म्हणून यादीत त्यांचा गटच वेगळा आहे. घरातल्या कोणाची रक्तदाबाची गोळी 'फक्त एक दिवस' हा प्रकार इथलाच: त्या गोळीत अनेकदा दोन औषधं असतात आणि दुसरं हायड्रोक्लोरोथायाझाइड निघू शकतं.

आता कोच लोक ज्याकडे लक्ष देत नाहीत ते. लघवीचा नमुना किमान ९० मिलिलिटर लागतो आणि त्याची घनता १.००५ किंवा जास्त हवी. १५० मिलिलिटर किंवा अधिक दिला तर १.००३ चालते. वजन उतरवून आलेला माणूस लढत संपली की लघवीच होत नाही म्हणून घटाघटा दोन लिटर पाणी पितो. मग लघवी होते, पण पाण्यासारखी. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे घनता मोजायच्या यंत्रावर, १.००२ दिसतं आणि दुसरा नमुना मागतात. तोही तसाच. असं करत माणूस रात्री उशिरापर्यंत त्या खोलीत अडकतो आणि दुसऱ्या दिवशी सांघिक लढत असेल तर त्याची झोप जाते. उपाय एवढाच: घोट घोट प्या, सोबत काही खारट खा, बाटली सीलबंद आणि स्वतः उघडलेली हवी. ९० पेक्षा कमी झालं तर तेवढंच तात्पुरतं सील करून ठेवतात आणि पुढच्यात मिसळतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

चाचणीची सूचना मिळाल्यापासून नमुना देईपर्यंत चाचणीवाल्यांनी सोबत दिलेल्या माणसाच्या नजरेआड जायचं नाही. पदक समारंभ, पुढची लढत, जखमेवर उपचार यासाठी वेळ मिळतो, पण तो माणूस बरोबर येणार. 'आलोच दोन मिनिटांत' म्हणून निघून जाणं नकार धरलं जाऊ शकतं, आणि नकाराची शिक्षा चार वर्षांपर्यंत जाते.

ठावठिकाणा, म्हणजे चाचणीसाठी कुठे सापडाल ते: पहाटे ५ ते रात्री ११ या वेळेतला रोजचा ६० मिनिटांचा एक तास द्यायचा. १२ महिन्यांत तीन चुका झाल्या, म्हणजे न सापडणं किंवा माहिती चुकीची भरणं, की उल्लंघन. लढणाऱ्यांचा इथे हमखास होणारा घोळ म्हणजे ट्रेनिंग कॅम्प हलतो आणि ॲपवर जुनाच पत्ता राहतो. तास सकाळी सहाचा, राहत्या खोलीवरचा ठेवा. त्या वेळी माणूस अंथरुणातच असतो.

औषधजाण

पंपाचं गणित सांगतो. श्वासावाटे सल्ब्युटामॉलला परवानगी लागत नाही, मर्यादा पाळली तर. २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कोणत्याही ८ तासांत ६०० मायक्रोग्रॅम. एका दाबात १०० मायक्रोग्रॅम सुटतात असं धरलं तर दिवसाला १६ दाब, पण ८ तासांत सहाच. हा आठ तासांचा नियम खूप जणांना माहीत नसतो. वॉर्मअपला चार, लढतीआधी चार, झाला घोटाळा.

नेब्युलायझर वेगळी गोष्ट आहे. त्याची एक मात्रा २.५ किंवा ५ मिलिग्रॅमची, म्हणजे २५०० ते ५००० मायक्रोग्रॅम. एकाच वेळेत मर्यादा पार. अचानक त्रास झाला तर जीव आधी, नेब्युलायझर द्याच. पण केसपेपर घ्या आणि त्याच दिवशी उपचारार्थ सवलतीचा, म्हणजे टीयूईचा, अर्ज करा. तातडीच्या उपचारानंतर मागाहून अर्ज करता येतो. आणि लघवी वाढवणाऱ्या औषधासोबत सल्ब्युटामॉल सापडलं तर मर्यादेतलं प्रमाणही माफ होत नाही, दोन्हींसाठी टीयूई लागते.

सगळ्यात फसवं खोकल्याचं औषध. अनेक सिरपांमध्ये टर्ब्युटालीन असतं, काहींत सल्ब्युटामॉल. पोटातून घेतलेलं सल्ब्युटामॉल बंद आहे आणि टर्ब्युटालीन तर कोणत्याही मार्गाने. 'साधं कफ सिरप' अशी वस्तू खेळाडूसाठी नसते. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन फक्त स्पर्धाकाळात बंद आहे, लघवीत १५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर गेलं तर. स्पर्धाकाळ सुरू होतो आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी, पण गोळी त्याच्याही पुरेशी आधी, निदान २४ तास, बंद झालेली हवी.

आता गुडघा. ग्लुकोकॉर्टिकॉइडचं, म्हणजे डॉक्टरांनी सुचवलेल्या प्रकारच्या स्टेरॉइडचं, कोणतंही इंजेक्शन, सांध्यातलं धरून, २०२२ पासून स्पर्धाकाळात बंद. स्पर्धेबाहेर चालतं. वाडाने अंगातून निघून जायला किती दिवस धरायचे ते छापलं आहे: सांध्यात दिलं तर साधारण ३ दिवस, पण ट्रायमसिनोलोन, प्रेडनिसोलोन असेल तर १०. तेच ट्रायमसिनोलोन दंडात किंवा कुल्ल्यात दिलं तर ६० दिवस! म्हणून डॉक्टरांकडून औषधाचं नाव, मात्रा, जागा आणि तारीख लेखी घ्या. 'गुडघ्यात स्टेरॉइड दिलं' एवढ्याशा चिठ्ठीने काही सिद्ध होत नाही. तुमच्याकडे तीन महिने आहेत, तेव्हा द्यायचं असेल तर आत्ताच द्या.

सांध्यात देतात ते हायल्युरोनिक ॲसिड आणि पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून काढलेला प्लेटलेटचा द्रव) यांना हरकत नाही. बीपीसी-१५७ या पेप्टाइडला आहे, २०२२ पासून नाव घेऊन बंद, मग ते 'स्नायुबंध लवकर भरतो' म्हणून कितीही खपवलं जात असो. दुखण्यावरचं ट्रॅमाडॉलही १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धाकाळात बंद. आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉल चालतात.

तालीमकोच

दोघांचेही आभार. पंपाचा आठ तासांचा नियम मलाही माहीत नव्हता. राहिला डब्यांचा प्रश्न. लेबलवर बंद असलेलं काही नाही, मी वाचलं आहे. तेवढं पुरे का? आणि यूएफसी या एमएमए लढतींच्या कंपनीतल्या जॉन जोन्सच्या वेळी जे पिकोग्रॅम पिकोग्रॅम चाललं होतं, तसं सूक्ष्म काही सापडलं तर?

मायक्रोपिपेट

लेबल पुरत नाही. प्री-वर्कआउट आणि 'फॅट बर्नर' हे दोन प्रकार आधी बंद करा. डीएमएए हे उत्तेजक 'जिरेनियम अर्क' या नावाने लपतं. हायजिनामीन वनस्पतीचा अर्क म्हणून येतं आणि ते बाराही महिने बंद आहे. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' लिहून घटकांचं प्रमाण गाळलेलं असेल तर डबा परत ठेवा. जोर हवा असेल तर कॅफीन बंद नाही, कॉफी प्या.

प्रोटीन घ्यायचंच असेल तर बॅचनिहाय तपासलेलं घ्या, इन्फॉर्म्ड स्पोर्ट किंवा एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट या तपासणी शिक्क्याचं. डब्यावर शिक्का आहे यावर थांबू नका, बॅच नंबर त्यांच्या साइटवर टाकून बघा. एकाच बॅचचे दोन डबे घ्या. एक वापरा, दुसरा सीलबंद कपाटात. पावती, बॅच नंबरचा फोटो, सुरू केल्याची तारीख. दुसरा डबा का? कारण पॉझिटिव्ह आल्यावर उघडलेल्या डब्यात काही सापडलं तर पहिला प्रश्न येतो: ते नंतर कोणी टाकलं नाही कशावरून? त्याच बॅचचा सीलबंद डबा प्रयोगशाळेत पॉझिटिव्ह आला तरच त्या पुराव्याला वजन. आणि नमुना देताना फॉर्मवर मागच्या सात दिवसांतलं सगळं लिहा, व्हिटॅमिनसुद्धा. तिथे न लिहिलेला डबा सुनावणीत अचानक प्रकट झाला की पॅनेल भुवया उंचावतं.

आता पिकोग्रॅम. १००० पिकोग्रॅम म्हणजे एक नॅनोग्रॅम. जोन्स जुलै २०१७ मध्ये यूएफसी २१४ च्या वेळी ट्युरिनाबोल या स्टेरॉइडच्या एम-३ या मेटाबोलाइटवर (शरीरात औषध मोडून उरणारा अंश) पॉझिटिव्ह आला आणि १५ महिने बाहेर बसला. डिसेंबर २०१८ मध्ये तेच मेटाबोलाइट पुन्हा पिकोग्रॅममध्ये दिसलं. हा जुनाच अंश आहे, नव्याने काही घेतलेलं नाही, असं तज्ज्ञांनी सांगितलं. हे शक्य आहे कारण एम-३ फार दीर्घकाळ टिकतं आणि मधूनमधून दिसतं, मधूनमधून नाही. तरी नेवाडात परवान्याचा पेच पडला आणि यूएफसी २३२ अख्खा लास वेगसहून कॅलिफोर्नियात हलवला. नोव्हेंबर २०१९ मध्ये यूएफसीने आपल्या कार्यक्रमात मर्यादा घातल्या: एम-३, क्लोमिफीन (हार्मोनवर काम करणारं औषध), ऑस्टरीन (स्नायू वाढवणारा पदार्थ) यांसाठी १०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. त्याखाली सापडलं आणि मुद्दाम घेतल्याची दुसरी खूण नसेल तर उल्लंघन नाही.

पण ही यूएफसीची गोष्ट. तुमचा ज्युडोका वाडाच्या संहितेखाली आहे, यूएफसीची ती सूट त्याला नाही. वाडाच्या मर्यादा ठराविक पदार्थांनाच आहेत. जनावरांनाही दिल्या जाणाऱ्या क्लेनब्युटेरॉलला ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर; त्याखाली आलं तर मांसातून आलं असेल का याची आधी चौकशी होते. फ्युरोसेमाइड, हायड्रोक्लोरोथायाझाइड धरून सहा लघवीवर्धकांना २० नॅनोग्रॅम, कारण इतर औषधांच्या गोळ्यांत कारखान्यातच त्यांची भुकटी मिसळल्याचं आढळलं होतं. बाकी ॲनाबोलिकमध्ये, म्हणजे स्नायू वाढवणाऱ्या पदार्थांत, चिमूटभरही धोक्याचं.

खडाखडी

माफ करा, पण 'दूषित सप्लिमेंट' हे आता सगळ्यांचं पाठ झालेलं उत्तर आहे. यूएफसीचा विजेता डिलशॉ २०१९ मध्ये ईपीओवर (तांबड्या पेशी वाढवणारं औषध) सापडला, ते काय प्रोटीनच्या डब्यातून आलं? त्याने निदान कबूल केलं आणि पट्टा सोडला. बाकीचे मांस, डबा, चुंबन, काय वाट्टेल ते सांगतात.

मायक्रोपिपेट

ईपीओ टोचावं लागतं, डब्यातून ते येत नाही, म्हणून तिथे हा बचाव कोणी करतही नाही. पदार्थ कोणता यावर बचाव टिकतो की नाही ते ठरतं. ऑस्टरीनचा अंश पावडरमध्ये मिसळणं खरोखर घडतं. तरी बॉक्सर रायन गार्सिया २०२४ मध्ये त्यावरच सापडला तेव्हा डेव्हिन हेनीवरचा विजय पुसून 'नो कॉन्टेस्ट' झाला आणि वर्षभराची बंदी आली. म्हणजे दूषित असणं आणि सुटणं या वेगळ्या गोष्टी.

काटेकोर

खडाखडी, अर्धं मान्य. कुस्तीगीर नरसिंग यादवचं प्रकरण या बाबतीत वाचण्यासारखं आहे. मेथँडायनोन हे स्टेरॉइड सापडलं, घातपाताचा दावा झाला, नाडाच्या (भारताची डोपिंगविरोधी संस्था) पॅनेलने सोडलं. वाडाने अपील केलं आणि ऑगस्ट २०१६ मध्ये रिओतच क्रीडा लवादाने चार वर्षं बंदी दिली. लवादासमोर नुसती 'असं घडू शकतं' ही शक्यता चालत नाही. जास्त शक्यता आपल्या बाजूची आहे हे खेळाडूलाच दाखवायचं असतं, आणि तिथे सापडलेलं प्रमाण व तज्ज्ञांची साक्ष त्याच्या विरोधात गेली.

तालीमकोच, पॉझिटिव्ह आलंच तर क्रम असा. ॲनाबोलिक, ऑस्टरीन, क्लेनब्युटेरॉल यांत तात्पुरती बंदी लगेच लागते आणि शिक्षा चार वर्षांपासून मोजायला लागतात. मुद्दाम नव्हतं हे खेळाडूने सिद्ध करायचं. लघवीवर्धक 'विशिष्ट' गटात असल्याने तिथे दोन वर्षांपासून, आणि मुद्दाम होतं हे संस्थेने सिद्ध करायचं. नमुना ए आणि बी अशा दोन बाटल्यांत भरतात; पत्रात दिलेल्या मुदतीत राखून ठेवलेला बी नमुना उघडायची मागणी लेखी करा, उघडताना स्वतः किंवा प्रतिनिधी हजर राहता येतं. ए नमुन्याची पूर्ण कागदपत्रं मागवा. प्रमाणाचा अंदाज त्यातूनच येतो. तोवर घरातला एकही डबा, गोळीचं पाकीट फेकू नका. आणि नमुना दिल्यावर हातात येते ती फॉर्मची प्रत जपून ठेवा. नमुने दहा वर्षांपर्यंत ठेवून पुन्हा तपासता येतात.

तालीमकोच

इंजेक्शनची तारीख याच आठवड्यात ठरवतो, आधी औषधाचं नाव विचारून. प्री-वर्कआउट बंद. कफ सिरपचं पाकीट आजच बघितलं, टर्ब्युटालीन आहे.

औषधजाण

मग ते थांबवा आणि शेवटचा चमचा कधी घेतला ते लिहून ठेवा. खोकला दम्याचाच असेल तर डॉक्टरांकडून रोजचा स्टेरॉइडचा पंप नीट बसवून घ्या, नेमून दिलेल्या मात्रेत त्याला परवानगी लागत नाही. तो बसला की सल्ब्युटामॉलचे दाबही आपोआप कमी होतील.