आजोबांच्या ट्रंकेतले नालवाले बूट: इटलीचे असतील का?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. कोरेगाव तालुक्यातलं आमचं जुनं घर उतरवताना माळ्यावर पत्र्याची ट्रंक निघाली. वर दोन घोंगड्या, खाली बुटांचा जोड. आजोबा पाचव्या मराठ्यांच्या (मराठा लाइट इन्फंट्री) तिसऱ्या पलटणीत होते, म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉसवाले यशवंत घाडगे यांचीच पलटण. १९४४ साली इटलीत लढले, पेन्शनीवर आले ते १९५० नंतर. त्यामुळे हे इटलीतलेच बूट, असं घरात सगळ्यांनी ठरवूनही टाकलंय.

बूट काळे, घोट्याच्या वरपर्यंत, कातडं दाणेदार. टो-कॅप (बोटांवरचा कातड्याचा जादा थर) आहे, आत अस्तर नाही. तळाला जाड डोक्याचे खिळे, टाचेला नाल, पुढे लोखंडी पत्ती. डाव्या बुटाचे खिळे उजव्यापेक्षा कमी. सोलच्या मधल्या भागात बाणासारखी खूण, तिला लागून उभी रेघ, खाली पुसट आकडे. नाड्यांच्या रिंगांभोवती हिरवं मेणासारखं काहीतरी साचलंय आणि वरून पांढरी बुरशी. वडील म्हणतात, पॉलिश मारून शोकेसमध्ये ठेवू. एसटी स्टँडसमोरचा मोची म्हणतो, नवीन सोल टाकून देतो. जुन्या बाजारातल्या एकाने फोटो बघून दीड हजार सांगितले. काय करावं?

पोतडी:
भारी सापडलंय राव! खोबरेल चोळून दोन दिवस उन्हात ठेवा, कातडं लोण्यासारखं होईल. माझ्याकडेही चोरबाजारातून घेतलेले जर्मन सैन्याचे बूट आहेत, फोटो टाकतो.

खडकीचा_जुना:
कृष्णाकाठ, आधी ते खोबरेल बाजूला ठेवा. पोतडी, राग मानू नका, पण तेल आणि ऊन म्हणजे जुन्या कातड्याचा काळ. उन्हाने ते तडकतं, तेलावर पुढच्या पावसाळ्यात बुरशी पोसते. रिंगांभोवतीचं हिरवं मेण म्हणजे पितळेतलं तांबं आणि कातड्यातली चरबी यांचं लग्न. तुम्ही आणखी चरबी घातलीत की ते आणखी वाढणार. दात कोरायच्या लाकडी काडीने हलक्या हाताने काढा, कोरड्या फडक्याने पुसा, झालं. बुरशी अंगणात नेऊन मऊ ब्रशने झाडा, तोंडाला रुमाल बांधून. घरात झाडलीत तर कपाटातल्या सगळ्या चपलांना प्रसाद मिळेल.

मोच्याला तर तळाला हातही लावू देऊ नका. अशा बुटाची जन्मपत्रिका तळावरच असते. अप्पर, म्हणजे वरचं कातडं, सगळ्यांचं सारखंच दिसतं.

तुमच्या वर्णनावरून हे ब्रिटिश नमुन्याचे अॅम्युनिशन बूट, म्हणजे शिपायांना सरकारकडून मिळणारे खिळेवाले बूट. पहिल्या महायुद्धातल्या बी-५ नमुन्याला टो-कॅप नसायची, तुमच्या जोडाला आहे, म्हणजे त्या लढाईतले नव्हेत. रबरी सोल थेट साच्यात चिकटवलेले बूट ब्रिटिशांनी १९५० चं दशक संपता संपता आणले, आपल्याकडे ती पद्धत त्यानंतरची. तुमचा सोल कातड्याचा आणि खिळ्यांचा, तेव्हा तेही नाहीत. खिळे मोजून वर्ष ठरवणारे बरेच भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. खिळे झिजायचे, पडायचे, पलटणीचा मोची हाताशी असतील ते ठोकायचा. डावा-उजवा फरक त्यातूनच आलेला असणार.

आता खूण. बाण म्हणजे सरकारी मालाचा ब्रॉड अॅरो. शेजारची उभी रेघ जर इंग्रजी 'आय' असेल, तर बूट विलायतेहून आलेला नाही, हिंदुस्थान सरकारच्या मालातला आहे. हा माल मोठ्या प्रमाणात कानपूरचा. तिथे सरकारी हार्नेस अँड सॅडलरी फॅक्टरी १८६० च्या दशकापासून होती, आणि कूपर अॅलन कंपनी १८८० च्या दशकापासून. ही कूपर अॅलन १९२० साली ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशनमध्ये गेली. आपल्या घरी लाल इमली या कानपूरच्या लोकरी गिरणीची शाल असेल, तर तीही त्याच कंपनीच्या घराण्यातली. पुढे १९६९ मध्ये हा बुटांचा कारभार टॅफ्को या सरकारी कंपनीकडे आला. कातडं कमावायला तिथे बाभळीची साल वापरत. जुन्या जोडाला नाक लावलं की त्या सालीचा तुरट वास अजून येतो, निदान मला तरी येतो. बायकोला फक्त कुबट वास येतो.

आकडे वाचायची युक्ती: खोली अंधारी करा, टॉर्च तळाला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. सावलीत ठसा उठून दिसतो. तरीही नाही लागला, तर पातळ बटर पेपर ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा. खडू, पीठ, ओलं फडकं काही नको. एक आकडा आणि एक अक्षर मिळालं, तर ते माप आणि रुंदी. दोन किंवा चार आकडे सुटे असतील, तर बहुधा वर्ष.

इटलीबद्दल घाई नको. पायदळाच्या शिपायाचा जोड झिजतो आणि बदलून मिळतो. लढाईत घातलेला जोड कुणी सांभाळून घरी आणला, असं क्वचितच होतं. घरी येतो तो शेवटचा जोड.

दीड हजार सांगणाऱ्याला नाही म्हणा. किंमत थोडीबहुत इकडेतिकडे असेल, पण घराण्याचा पत्ता असलेला जोड बाजारात गेला की बेवारशी होतो. असेच जोड "दुसरं महायुद्ध, ब्रिटिश" म्हणून परदेशी विकले जातात, त्यात स्वातंत्र्यानंतरचेही भरपूर असतात. शिवाय युद्धाचे खेळ करणाऱ्या हौशी परदेशी लोकांसाठी भारतात नवे जोडही बनतात. नव्या जोडाचा तळ शिळ्या चहात बुडवून जुना केलेला मी पाहिलाय. झिजलेला तळ आणि आतली टाच मात्र कोरीकरकरीत!

पोतडी, तुमचा फोटो पाहिला. जर्मन पायदळाचा मार्शश्टीफेल हा पायात ओढून चढवायचा उंच बूट, त्याला नाड्या नसतात. तुमच्या बुटाला चेन आहे. कुठल्या तरी ड्रेसवाल्याकडचा सिनेमातला माल दिसतोय. बूट छान आहे, पावसाळ्यात वापरू नका.

पोतडी:
😅 चेन पुढे आहे हो, बाजूला नाही. पण समजलं.

माजी_सुभेदार:
खडकीकर साहेबांचं बरोबर आहे. एक राहिलं. शिपायाच्या वस्तूवर त्याचा नंबर मारलेला असतो, बहुतेक वेळा शेवटचे चार आकडे. आमच्या वेळीही किटवर असेच होते. बाळ, बुटाची जीभ उचलून आतल्या बाजूला बघ, टाचेच्या आत बघ, मग आजोबांचं डिस्चार्ज बुक काढ. ते नसेल तर पेन्शनच्या कागदावरही नंबर सापडेल. टाचेची नाल पण नीट बघ. ड्रिलच्या बुटाची नाल टाच आपटून आपटून मागच्या कडेने चपटी होते. चालण्याने झिजलेली नाल बाहेरच्या कोपऱ्यातून तिरकी जाते.

कृष्णाकाठ:
काका, जिभेच्या आत चार आकडे मिळाले आणि डिस्चार्ज बुकातल्या नंबराच्या शेवटाशी तंतोतंत जुळले! आई रडायलाच लागली. टॉर्च धरल्यावर 'आय' स्पष्ट दिसला. वर्ष मात्र ४६ आहे. म्हणजे इटलीत नव्हतेच. वडील जरा नाराज झालेत. नाल मागून चपटी आहे.

खडकीचा_जुना:
वडिलांना सांगा, इटलीतली लढाई मे १९४५ ला थांबली, पण आजोबांची नोकरी नाही थांबली. नाल बघता हे परेडचे बूट दिसतात. नंबर जुळला, हे इटलीपेक्षा मोठं. असे जोड माझ्या कपाटात बरेच आहेत, पण कुणाच्या पायातले ते माहीत असलेला एकच.

आता ठेवायचं कसं: आत वर्तमानपत्र कोंबू नका, त्यात आम्ल असतं. बिनरंगाचा सुती कपडा सैल भरा. प्लॅस्टिकची पिशवी नको, सुती पिशवी चालेल, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या जूनपासून दर महिन्याला बदला. कातडं कुठे लालसर भुकटी होऊन झडत असेल, तर तिथे बोटही लावू नका, मला फोटो पाठवा. एका चिठ्ठीवर पेन्सिलने आजोबांचं नाव, नंबर, पलटण, ४६ चा ठसा आणि ट्रंक कुठे सापडली ते लिहून उजव्या बुटात ठेवा. आणि त्या दोन घोंगड्यांवर काही शिक्का आहे का, तेही बघून घ्या.