पहिल्या वर्षाच्या मुलाला ४२ इंची हर्डल द्यायचं की नाही?

तापीकाठ (धागा सुरू करणारा)

गेल्या हंगामात माझ्या हातून एक चूक झाली, त्यावरून हा धागा काढतोय. यावल तालुक्यातला पहिल्या वर्षाचा मुलगा, अंगाने काटक, साठ मीटरपर्यंत कुणाला पुढे जाऊ देत नव्हता. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला पाच आठवडे उरलेले आणि ११० मीटर हर्डल्सला (अडथळ्यांच्या शर्यतीला) आमच्याकडे कुणाचं नाव नव्हतं. मी त्याला थेट ४२ इंची हर्डलसमोर उभं केलं. पहिल्या दोन हर्डल्सवर त्याने चक्क उंच उडी मारली, तिसऱ्यावर मागचा गुडघा अडकला आणि तो मनगटावर पडला. प्लास्टर निघाल्यावर मैदानावर आला, पण हर्डलकडे फिरकला नाही. "सर, माले भेव लागस," एवढंच म्हणाला.

माझं मत आता पक्कं झालंय. पहिल्या वर्षी ४२ इंची (म्हणजे १.०६७ मीटर) हर्डल मुलासमोर आणायचंच नाही. ३० वर सुरुवात, मग ३३, वर्ष संपताना ३६.

उंचीपेक्षा मोठी गोष्ट अंतराची आहे. ११० च्या शर्यतीत पहिलं हर्डल १३.७२ मीटरवर, पुढची नऊ अंतरं ९.१४ मीटरची आणि शेवटी १४.०२ मीटरची धाव. दोन हर्डल्सच्या मध्ये तीन पावलं, सगळा खेळ या तीन पावलांच्या तालाचा. आपला मुलगा मुरुमावर, साध्या बुटात, तीन पावलांत ९.१४ गाठू शकत नाही. मग तो चार किंवा पाच पावलं टाकतो. चार टाकली की प्रत्येक हर्डलला पुढचा पाय बदलतो. पाच टाकली की वेगच राहत नाही. आणि शरीर हेच शिकून बसतं. ही सवय मोडायला दोन वर्षं जातात, पदवी असते तीन वर्षांची.

म्हणून मी आता फक्की (मैदानावरच्या पांढऱ्या खुणा) मारताना अंतर आठ मीटरवर आणतो. आधी तीन पावलं बसू देत. बसली की एका वेळी तळपायाच्या लांबीएवढंच अंतर वाढवायचं. उंची वाढवली त्या आठवड्यात अंतराला हात लावायचा नाही, अंतर वाढवलं तर उंचीला नाही.

दुसरा मुद्दा पोलीस भरतीचा. सकाळी माझ्याकडे स्टार्ट आणि वेगाचं काम करणारी निम्मी मुलं संध्याकाळी भरतीच्या तयारीला पाच-पाच किलोमीटर पळतात. दुसऱ्या दिवशी येतात ती थकलेल्या पायांनी. थकलेल्या पायाला वेग शिकवता येत नाही. मुलाने वेगाची शर्यत आणि भरतीतलं १६०० मीटर यांतलं एक निवडावं, असं मला वाटतं.

मुरूम_मैदान

सर, तुमची तळमळ पोचली, पण दोन्ही मुद्दे मला पटले नाहीत.

आधी वेळेचं बघू. प्रवेश होऊन मुलं मैदानावर येईपर्यंत जुलै उजाडतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपली काळी माती पायाला किलो-किलोने चिकटते, हर्डल लावणं तर सोडाच. सप्टेंबरात जमीन वाळते, ऑक्टोबरात ऊन भाजून काढतं, तेवढ्यात कापसाची वेचणी येते आणि निम्मी मुलं शेतात जातात. हातात खरे सहा-सात आठवडे. त्यात तुम्ही मुलाला ३० इंचावर खेळवत ठेवणार आणि स्पर्धेत त्याच्यासमोर ४२ उभं राहणार. ज्याने ते कधी पाहिलंच नाही तो पहिल्या हर्डलआधीच पाय आखडतो. मी हे दरवर्षी बघतो. खाली शिकलेल्या मुलाला वर गेल्यावर नव्याने भीती वाटते.

तुमचा मुलगा उंचीमुळे पडला असं मला वाटत नाही, तो घाईमुळे पडला. पाच आठवड्यांत ३६ वरही पडला असता. मी पहिल्या वर्षी ४२ लावतो, पण एकच. पंधरा मीटर धावत यायचं, ओलांडायचं, पुढे पळत सुटायचं. रोज सहा-सात वेळा. मग दोन. भीती पहिल्या महिन्यातच मोडली पाहिजे.

आणि पदकाचं काय? नाव दिलं नाही तर कॉलेजचे गुण जातात, पुढच्या वर्षी मैदानाला पैसे मागायला तोंड राहत नाही. हे तत्त्वाने सुटत नाही.

शहादेकरीण

मी शंभर मीटर हर्डल्स पळायचे, आता शाळेत शिकवते. दोन्ही सर मुलांबद्दल बोलताहेत म्हणून मुलींचं सांगते.

आमचं हर्डल ३३ इंचाचं, म्हणजे ८३.८ सेंटिमीटर. उंचीचा प्रश्न फारसा नाही, कंबरेखाली येतं. आमचा प्रश्न ८.५० मीटरच्या अंतराचा. ते तीन पावलांत गाठायला नुसता वेग लागतो. मला कॉलेजात कुणी वेग शिकवला नाही, फक्त "उडी मार, उडी मार" शिकवलं. मी सुंदर उडी मारायचे आणि हरायचे. हवेत असताना पाय जमिनीला ढकलत नाहीत, वेग तिथेच जातो, हे मला बी.पी.एड.ला (शारीरिक शिक्षणाच्या पदवीला) कळलं. शिकवणाऱ्याच्या तोंडून "उडी" हा शब्दच गेला पाहिजे. मी मुलींना "ओलांड" म्हणते, आणि लहान मुलींना "त्याच्यावरून पळ".

आणखी एक, आणि हे कळकळीने सांगतेय. सरावाला हर्डल उलटी लावू नका. हर्डलचे खालचे पाय धावणाऱ्याच्या बाजूला असतात, म्हणून धडकलं की ते पुढे पडतं. नियमच असा आहे की ३.६ ते ४ किलोच्या जोराने ते पडलं पाहिजे. एकदा आमच्या सरावात कुणीतरी घाईत ते उलटं लावलं होतं. ते पडलं नाही, मी पडले. हनुवटीवर टाके आहेत. सर, तुमच्या मुलाच्या वेळी हर्डल कोणत्या बाजूने लावलं होतं, हे आठवून बघा.

उंची कमी ठेवायला माझा पाठिंबा आहे, पण वर्षभर नको. दिवाळीपर्यंत पुरे.

तापीकाठ

ताई, हर्डल सरळ होतं, पण ते घरगुती होतं. लोखंडी चौकट, खाली वजन जास्त. ४ किलोत ते कधीच पडलं नसतं. हे मी तुम्ही लिहीपर्यंत पडण्याशी जोडलं नव्हतं. आता वरची पट्टी पीव्हीसी पाइपची करतो, नुसती टेकवून ठेवलेली, धक्का लागला की निघेल अशी.

मुरूम_मैदान सर, एकच हर्डल लावून भीती मोडते हे खरं. पण एका हर्डलवर ताल शिकता येत नाही. ताल दुसऱ्या हर्डलपासून सुरू होतो. तुमचा मुलगा एक हर्डल छान ओलांडतो आणि शर्यतीत चौथ्यापासून कोलमडतो, हे तुम्हीही पाहिलं असेल.

भरती_मार्गदर्शक_धुळे

मी भरतीचीच मुलं तयार करतो, त्यामुळे दुसऱ्या मुद्द्यावर बोलणं भाग आहे.

"एक निवडावं" हे लिहिणं सोपं आहे. माझ्याकडच्या पोराच्या घरी दीड एकर कोरडवाहू आहे. त्याला पोलीस भरतीत लागायचं आहे. मैदानी ५० गुणांची: १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळ्याला १५. तो २० गुण सोडून तुमच्या हर्डल्ससाठी पाय ताजे ठेवील का? विद्यापीठाचं पदक त्याच्या घरी चूल पेटवत नाही. नोकरी पेटवते.

आणि मूळ कल्पनाच मला खटकते. पळणारा पोरगा सगळं पळतो. आम्ही लहानपणी सायकल नसताना शाळेत पळत जायचो, तरी शंभरला कमी पडलो नाही. लांब पळण्याने दम येतो, दम असला की शेवटच्या वीस मीटरला माणूस टिकतो.

तापीकाठ

नोकरीचं तुमचं म्हणणं मी खाली पाडत नाही. मी शिकवलेली चार मुलं पोलिसात आहेत, त्यातली दोन हर्डल्सवाली.

पण शंभर मीटरच्या शेवटच्या वीस मीटरला दम कमी पडत नसतो. तिथे सगळेच मंदावतात, जगातला सर्वात वेगवान माणूससुद्धा. जो कमी मंदावतो तो जिंकतो, आणि कमी मंदावणं येतं पूर्ण वेगाने, पूर्ण विश्रांती घेऊन पळण्यातून. ढोबळ हिशेब असा की दहा मीटरच्या पूर्ण वेगाला एक मिनिट विश्रांती. साठ मीटर पळालास की सहा मिनिटं बस. आपल्याकडे मुलगा बसलेला दिसला की लोकांना तो आळशी वाटतो. मलाही आधी वाटायचं. मी त्यांना चाळीस-चाळीस सेकंदांत परत पळवायचो आणि मग मांडीमागचा स्नायू ओढला की नशिबाला दोष द्यायचो.

तुमच्या शंभर मीटरच्या १५ गुणांना हेच काम उपयोगी आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी माझ्याकडे वेग, आणि त्या दिवशी संध्याकाळी काही नाही. मंगळवार-गुरुवार तुमचे १६००. एवढं तरी मान्य कराल का? "एक निवडावं" मी मागे घेतो.

सातपुडा_पायवाट

धडगावकडचा आहे, म्हणून एक वेगळी गोष्ट मांडतो. आमच्याकडची पावरा, भिल्ल मुलं नंदुरबारला किंवा शहाद्याला कॉलेजात गेली की पहिल्याच दिवशी त्यांना पाच हजार मीटरच्या रांगेत उभं करतात. डोंगरातली म्हणजे लांब पल्ल्याची, असं धरूनच चालतात. नाशिककडच्या कविता राऊत आणि बीडचा अविनाश साबळे यांची उदाहरणं देतात. त्यांच्याबद्दल मला अभिमानच आहे. पण माझ्या बहिणीचं पहिलं पाऊल किती झपाट्याने पडतं हे कुणी घड्याळ लावून बघितलंच नाही. ती तीन वर्षं पाच हजार पळाली, कधी पहिल्या दहात आली नाही. शेवटच्या वर्षी रिलेला एक मुलगी कमी पडली म्हणून तिला घेतलं, आणि तिच्या टप्प्यात तिने दोघींना मागे टाकलं. तेव्हा शिक्षण संपलं होतं.

उंची-अंतराची चर्चा चालू द्या, पण त्याआधी पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाचे तीस मीटर मोजा. धावत येऊन घेतलेले तीस, उभ्याने नाही. कोण कुठल्या गावचा हे त्यानंतर विचारा.

शहादेकरीण

सातपुडा_पायवाट दादा, तुमच्या बहिणीचं वाचून पोटात कालवलं. मी स्वतः मुलींना असंच वाटून टाकलं आहे, गावाचं नाव ऐकून. या जूनपासून करणार नाही.

त्या मुलींची दुसरी अडचणही लिहिते, कारण पुरुष शिक्षकांना ती दिसत नाही. संध्याकाळचा सराव सहाला सुटतो आणि गावाकडची शेवटची एसटी साडेपाचला गेलेली असते. मुलगी सराव सोडते, आपण "तिला गोडी नाही" लिहितो. आमच्या शाळेत मी सराव सकाळी ठेवला आणि मुलींची संख्या दुप्पट झाली.

मुरूम_मैदान

तापीकाठ सर, चौथ्या हर्डलपासून कोलमडणं मी पाहिलंय, नाकारत नाही. पण तुमचं आठ मीटरचं अंतरही फसवं आहे. मुलगा छोट्या अंतरात छोटी पावलं बसवतो. नंतर ९.१४ वर गेला की तीच तुडतुडी पावलं टाकतो आणि हर्डलपासून फार लांबून सुटतो, मग वरून येताना आदळतो. हर्डलच्या साधारण दोन मीटर आधी पाय उचलला गेला पाहिजे, उतरताना मीटर-सव्वा मीटरवर पाय पडला पाहिजे. हे माप फक्त खऱ्या अंतरावर कळतं.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला तेजस शिर्से बघा. मे २०२४ मध्ये फिनलंडला ११० मीटर हर्डल्समध्ये १३.४१ सेकंदांत राष्ट्रीय विक्रम केला. आपल्या शेजारचा पोरगा तिथे जाऊ शकतो, तर आपल्या पोरांना ३० इंचावर का अडकवायचं?

तापीकाठ

तेजसचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, सर. वीस वर्षांखालच्या मुलांसाठी नियमातच हर्डल ३९ इंचाचं आहे. जगभर मुलं ३६ वरून ३९ वर आणि मग ४२ वर येतात. आपला मुलगा एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा हर्डल बघतो आणि आपण त्याला सगळे टप्पे वगळून वर चढवतो. मी अडकवत नाहीये, वगळलेले टप्पे परत आणतोय.

पावलांबद्दल मात्र तुमचं बरोबर असू शकतं. माझी दोन मुलं दूरून सुटतात, त्याचं कारण मी नितंबाच्या ताकदीत शोधत होतो. कदाचित आठ मीटरच खूप कमी आहे. साडेआठपासून सुरू करून बघायला हवं.

भरती_मार्गदर्शक_धुळे

सोमवार-बुधवार-शुक्रवारचं मी मान्य करतो, महिनाभर. शंभरचा वेळ सुधारला नाही तर मोडतो.

एक विचारायचं होतं. माझ्याकडे दोन पोरं १६०० ला चांगली आणि चारशेलाही वाईट नाहीत. त्यांना ४०० हर्डल्स जमेल का? तिथे उंची ३६ च आहे असं ऐकलं.

तापीकाठ

जमेल, आणि आपल्याकडच्या मुलांसाठी तीच खरी शर्यत आहे असं मला वाटू लागलंय. मुलांना ३६, मुलींना ३०. पहिलं हर्डल ४५ मीटरवर, मग ३५-३५ ची नऊ अंतरं, शेवटी ४० मीटर. उंचीची भीती कमी, आणि भरतीतला दम इथे वाया जात नाही. पण नुसत्या दमावर होत नाही. पी. टी. उषा वेगाच्या शर्यतींतून हर्डल्सकडे आल्या आणि १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये ५५.४२ पळून एक शतांश सेकंदाने पदक हुकलं. त्या वेळेची बरोबरी करायला आपल्याला २०२३ उजाडलं, विद्या रामराजने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत केली.

तुमच्या मुलांना सुरुवातीला ३५ मीटरमध्ये सतरा पावलं बसवा. विषम आकडा असला की तोच पाय पुढे येतो. थकल्यावर अठरा होणारच, म्हणून दुसरा पायही पहिल्या दिवसापासून शिकवा. हे आम्ही कुणीच करत नाही. वळणावर डावा पाय पुढे असला तर बरं, नाहीतर उजव्या पायवाल्याचा मागचा पाय आतल्या बाजूने, हर्डलच्या बाहेरून खाली जाऊ शकतो आणि मुलगा बाद होतो.

मुरूम_मैदान

रविवारी मी जळगावला येतोय. सकाळी सहाला मैदानावर असाल तर एकाच मुलाला दोन्ही पद्धतींनी पळवून बघू. एका लेनमध्ये तुमचं साडेआठ आणि ३३, दुसऱ्यात माझं ९.१४. मोबाइलवर चित्रण घेऊ आणि कुठून सुटतो ते फूटपट्टीने मोजू.

तापीकाठ

या. फक्की शनिवारी संध्याकाळीच मारून ठेवतो. उन्हाच्या आत आटपायला हवं, आठनंतर मुलं टिकत नाहीत.

मुरूम_मैदान

ठीक. ४२ ची तीन हर्डल्स मी गाडीत घालून आणतो. लाकडी पट्टीची आहेत, धक्का लागला की पडतात.