७१८ केमनला कॉइलओव्हर: पीएएसएम ठेवायचं की काढायचं?

टिळकवाडी_७१८
गाडी पोर्शे ७१८ केमन, कंपनीचंच पीएएसएम (मोडनुसार डॅम्पर, म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर, मऊ-कडक करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा). वापर जांबोटी-चोर्ला मार्गे गोवा आणि निपाणी-कोल्हापूर हायवे. सलग खड्डे आले की पुढचं सस्पेन्शन बंपस्टॉपवर (हालचाल संपते तिथल्या ठोकळ्यावर) आपटतं, नॉर्मल मोडमध्ये मागची बाजू हेलकावते. टायर प्रेशर, अलाइनमेंट बघून झालं. एक जण म्हणतो नुसत्या लोअरिंग स्प्रिंगा टाका, दुसरा म्हणतो साधे कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-डॅम्परचे जोड) बसवून पीएएसएमच्या प्लगमध्ये, फॉल्ट दिसू नये म्हणून, रेझिस्टर घाला. काय करू, सांगा की.

उद्यमबाग_फिटर
साहेब, नुसत्या स्प्रिंगांचा नाद सोडा. पुढं आधीच बंपस्टॉप लागतोय, त्यात गाडी २० मिमी खाली आली की तेवढा ट्रॅव्हल (चाक वर जायची जागा) आणखी गेला. पीएएसएम चालवणाऱ्या मॉड्यूलमधलं ट्यूनिंग कंपनीच्या स्प्रिंगवर बेतलेलं असतं, तुम्ही ३० टक्के कडक स्प्रिंग घातली हे त्याला कळत नाही. डॅम्पिंगची (स्प्रिंगची उसळी आवरण्याची) गरज कडकपणाच्या वर्गमुळानं वाढते, म्हणजे साधारण १४ टक्के जास्त. ते रिबाउंडला (दबलेली स्प्रिंग परत उलगडताना) मिळालं नाही की गाडी दणका खाऊन परत उसळते.

आधी जुने डॅम्पर बघा. रॉडच्या सीलपाशी हलका ओलावा चालतो. तेल ओघळून बॉडीवर माती चिकटली असेल तर डॅम्पर गेला. मग कंपनीचेच नवे डॅम्पर, बंपस्टॉप आणि टॉप माउंट टाकूनही दुखणं जाईल.

खानापूर_रोड
रेझिस्टरबद्दल. मॉड्यूल व्हॉल्व्हच्या कॉइलमधून करंट सोडून सर्किट तपासत असतो. कमी वॅटचा रेझिस्टर त्यात तापतो आणि वायरिंगला टेकला तर इन्सुलेशन वितळतं. पीएएसएम काढायचंच असेल तर त्या मॉडेलचं कॅन्सलेशन किट (डॅम्पर जोडलेलाच आहे असं मॉड्यूलला भासवणारं) घ्या आणि ते प्लास्टिकपासून लांब, धातूवर कसा.

पण आपल्या भागात काढूच नये असं माझं ठाम मत आहे. चोर्ल्यात मऊ पाहिजे, हायवेला कडक, आणि ते एका बटणावर मिळतंय. बिल्स्टाइनचं बी१६ डॅम्पट्रॉनिक हे कॉइलओव्हर किट गाडीच्याच मॉड्यूलवर चालतं; चेसिस नंबरवरून पार्ट नंबर जुळवून घ्या. किट सगळ्यात वर ठेवल्यावर गाडी किती खाली येते तेही विचारा. पीएएसएमवाली ७१८ साध्यापेक्षा १० मिमी खालीच असते, त्यात आणखी १० च्या पुढं गेलात तर गावोगावचे स्पीडब्रेकर पोट घासतील.

कॅम्प_टीटी
ऑडी टीटीच्या मॅग्नेटिक राइडला (चुंबकीय द्रवाच्या डॅम्परना) वरचं सगळं जसंच्या तसं लावू नका. तिथं करंट गेला की आतलं द्रव पातळ राहतं आणि डॅम्पर मऊ पडतो. आणि कोइमतूरच्या करी स्पीडवेला (रेस ट्रॅकला) नेमानं जाणाऱ्यानं साधे, हातानं क्लिक फिरवायचे डॅम्पर जरूर घ्यावेत. रोजच्या गाडीला नकोत.

टिळकवाडी_७१८
पटलं. बसवताना काय बघू?

उद्यमबाग_फिटर
काम सुरू करण्याआधी सपाट जागेवर, अर्धी टाकी असताना, चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं माप लिहून ठेवा. इग्निशन बंद करून आधी डॅम्परचा प्लग काढा, मगच स्ट्रट (स्प्रिंग-डॅम्परचा जोड) सोडवा. स्ट्रट वायरवर लोंबकळला की आतली तार तुटते. प्लग सुटा असताना इग्निशन लावू नका, फॉल्ट नोंदला जातो. वरच्या नटाला इम्पॅक्ट गन अजिबात नको. रॉड अॅलन कीनं धरून हातानंच फिरवा. सेल्फ-लॉकिंग नट प्रत्येक वेळी नवे.

सगळ्यात जास्त चूक बुशमध्ये (सस्पेन्शन आर्मच्या रबरी सांध्यांत) होते. गाडी जॅकवर, चाकं लोंबलेली असताना आर्मचे बोल्ट आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं. उंचीही चुकीची दिसते आणि बुश लवकर फाटतात. बोल्ट हलके लावा, गाडी चाकांवर उभी करा, मग मॅन्युअलच्या टॉर्कनं कसा.

उंची पक्की झाल्यावर अलाइनमेंट: आधी कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), शेवटी टो (चाकांची तोंडं आत की बाहेर). त्याच वेळी स्टिअरिंग अँगल सेन्सर आणि हेडलाइटची लेव्हल स्कॅनरवर सेट करून घ्या. स्प्रिंगा काही शे किलोमीटरनं बसतात, तेव्हा माप आणि टो पुन्हा बघा.

खानापूर_रोड
पावसाळ्यासाठी एक: जांबोटीकडची लाल माती कॉइलओव्हरच्या आट्यांत जाऊन उंची बदलायची रिंग जाम करते. प्रेशर वॉशर लांबून मारा, ब्रशनं आट्या साफ करा, कनेक्टरच्या सीलला डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा.