बेअरिंगच्या रिंगेपासून गोल पंच बनवण्यासाठी मदत हवी आहे

३ मिमी जाडीच्या रबरी शीटमधून २० मिमी व्यासाच्या चकत्या कापण्यासाठी मी लोखंडी नळीचा पंच बनवला. चकतीचे माप नेमके यावे म्हणून उतार बाहेरूनच दिला होता. तरीही दहा-बारा चकत्यांनंतर धार दुमडली. लाल तापवून पाणी दिले, पण साध्या लोखंडात कार्बन कमी असल्याने ते कडक होणारच नव्हते, हे उशिरा उमगले. आता २० मिमी भोकाच्या जुन्या ६२०४ बेअरिंगची आतली रिंग वापरणार आहे. लेथ नाही, ग्राइंडर, कानस आणि गॅस टॉर्च एवढेच आहे. मूळचा कडकपणा राखण्यासाठी रिंग वरचेवर पाण्यात बुडवत ग्राइंडरवरच धार काढावी, की आधी मऊ करून कानशीने आकार द्यावा, आणि तसे केल्यास पुन्हा कडक केल्यावर पाणी कोणत्या रंगापर्यंत उतरवावे (म्हणजे ठिसूळपणा कमी करायला हलके तापवताना पृष्ठभागावर कोणता रंग येईपर्यंत तापवावे)?