ॲडिसन्स आहे, ताप आला की डोस नक्की कधी वाढवायचा?

स्नेहल_डोंबिवली:
ॲडिसन्सचं, म्हणजे मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे हार्मोन पुरेसं बनवत नाहीत त्या आजाराचं, निदान होऊन आठ महिने झाले. त्याऐवजी हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइडची गोळी) सकाळी १०, दुपारी ५, संध्याकाळी ५ मिलिग्रॅम. बुधवारी भिजून घरी आले आणि रात्री १०१ ताप. डॉक्टरांनी ‘तापात दुप्पट’ सांगून ठेवलंय, पण सासूबाई म्हणाल्या, ‘आधीच स्टेरॉइड, आणखी कशाला?’ मीही घाबरून नेहमीचाच डोस घेतला. गुरुवारी सकाळी लोकलमध्ये कळव्याच्या आसपास पायातलं बळच गेलं. घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी. ठाण्याला बायकांनी धरून उतरवलं. ऑफिसात ऑडिट सुरू आहे, त्या टेन्शनलाही डोस वाढवायचा का?

गिरगावची_ताई:
अगं, सासूबाईंना ताप आला तर त्यांच्या ग्रंथी आपणहून जास्त कॉर्टिसॉल सोडतात. त्यांना कळतही नाही. आपल्या सोडत नाहीत, म्हणून तेवढंच आपण गोळीने द्यायचं. हे जास्तीचं औषध नव्हे, त्यांना हे असंच सांग.

माझ्या ग्रंथी टीबीने गेल्या, १४ वर्षं झाली. माझ्या कागदावर लिहिलंय: १००.४ च्या वर दुप्पट, १०२ च्या वर तिप्पट, ताप उतरला की पूर्ववत. तुझे आकडे तुझ्या डॉक्टरांकडून लिहूनच घे. गोळी उलटून पडली आणि पुन्हा घेतलेलीही टिकली नाही, तर मांडीत हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि लगेच हॉस्पिटल. सकाळची वाट बघायची नाही. नवऱ्याला शिकव. माझे मिस्टर मोसंबीवर शिकले. कुपीतली पावडर पाण्यात विरघळून नितळ होईपर्यंत हलवायची, मग सुई सरळ आत.

ऑडिटचं म्हणशील तर नाही. मी पूर्वी प्रत्येक कटकटीला अर्धी गोळी जास्त घ्यायचे. वजन वाढलं, साखर वाढली, डॉक्टर रागावले. वडील गेले तेव्हा मात्र डॉक्टरांनीच फोनवर दोन दिवस वाढवायला सांगितलं. तू ताप असताना ती गर्दी अंगावर घेऊ नकोस, रजा टाक.

परळचा_बाबा:
मुलाला हाच आजार आहे. एका कॅज्युअल्टीत रिपोर्टची वाट बघत दीड तास बसवलं होतं. तेव्हापासून डॉक्टरांच्या सहीचं पत्र दप्तरात असतं: ‘आधी हायड्रोकॉर्टिसोन आणि सलाइन, तपासण्या नंतर.’ पत्र लॅमिनेट करा, पावसात टिकतं. आणि एकही डोस चुकवू नका.

स्नेहल_डोंबिवली:
ताईंचा पहिला परिच्छेद सासूबाईंना वाचून दाखवला. थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, ‘मला कोणी असं सांगितलंच नव्हतं.’ उद्या डॉक्टरांकडे त्याही येतायत. इंजेक्शन त्यांनाच शिकायचंय, दिवसा घरी त्याच असतात. पाण्याची काचेची ॲम्प्यूल फोडताना बोट कापत नाही ना?

गिरगावची_ताई:
ॲम्प्यूलच्या मानेभोवती रुमाल गुंडाळायचा आणि आपल्यापासून लांब मोडायची. दोन-तीन जास्तीच्या आणून त्यांच्याकडून फोडून घे.