वाड्यातलं जुनं जाळीचं कपाट आणलंय, रंग काढू का ठेवू?

जुळेकरीण
नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलोय, हॉल अजून मोकळा ढणढणीत आहे. नवीन फर्निचरचे रेट ऐकून नवऱ्याने मला शोरूमबाहेर जवळजवळ ओढूनच काढलं, मग म्हटलं जुनंच बघू आणि घरी नीट करू. तर दक्षिण कसब्यात एक वाडा पाडायला काढलाय, तिथला माल भंगारवाल्याकडे आला होता, त्यातून तीन गोष्टी उचलल्यात. एक ते दूधदुभतं ठेवायचं जाळीचं उभं कपाट, दोन हाताच्या वेताच्या खुर्च्या (वेत पार फाटलाय, सांगाडा दणकट आहे) आणि एक लोखंडी ट्रंक. सगळं मिळून साडेचार हजार, टेम्पो वेगळा.

कपाटाला बाहेरून हिरवा ऑइलपेंट आहे, त्याच्याखाली निळा दिसतो आणि त्याच्याहीखाली काहीतरी आहे. आतून मात्र कोरं लाकूड. भंगारवाला म्हणे सागवान आहे, पण तो तर प्लायला पण सागवान म्हणत होता. मला त्याचं पुस्तकांचं कपाट करायचंय. रंग घासून काढून पॉलिश करावं का वरूनच दुसरा रंग मारावा? घरमालक भिंतीला एक खिळा ठोकू देत नाही त्यामुळे जे काय ते जमिनीवर उभं राहणारंच पाहिजे. घरात तीन वर्षांचा मुलगा आहे, तो प्रत्येक गोष्ट चाटून बघतो. आणि सासूबाईंचं वेगळंच, कोणाच्या घरातलं काय माहीत, ढेकूण येतील, नाहीतर आणखी काहीतरी येईल. ढेकणांचं तरी सांगा, आणखी काहीतरीचं मी बघते.

हां, आणि कपाटाबरोबर चार दगडी वाट्या दिल्यात त्याने, त्या कशाला?

रंधा
ताई घाई करू नका ओ. आधी कपाट आडवं पाडा आणि पायाच्या बुडाला बघा, तिथं कोणी रंग मारत नाही. कानशीनं जरासं खरवडा. सागवान असलं तर आत सोनेरी तपकिरी निघतं, हाताला किंचित तेलकट लागतं आणि चामड्यासारखा उग्र वास येतो. मग जोड बघा. चौकटीला नुसते खिळे दिसले तर साधं काम, पण कुसू (एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत) घालून आरपार लाकडी खुंटी मारलेली असंल तर ते सुताराचं काम आहे, त्याला अजून पन्नास वर्षं काय होत नाही. वाट्या म्हणजे पायाखाली ठेवायच्या, त्यात पाणी घालायचं, म्हणजे मुंग्या दुधावर चढत नाहीत. फ्रीज नव्हता तवा घरोघरी हेच होतं. आता पाणी घालू नका, डासांची अंडी होतील, नुसत्या कोरड्या ठेवा.

आता कीड. रंगावर जाऊ नका. कपाटाखाली काळा कागद चार-आठ दिवस ठेवा. त्यावर मैद्यासारखी बारीक पूड पडली तर आत लाकूड पोखरणारा किडा जिवंत आहे. वाळवी असंल तर मातीच्या नळ्या दिसतील, ती बहुतेक जमिनीतून येते, कपाटातनं नाही. पूड पडली तर किड्याचं औषध सिरिंजनं भोकात सोडायचं, आतल्या कोऱ्या लाकडाला ब्रशनं पण द्यायचं. रंगावरून मारून उपयोग नाही, रंग ते आत जाऊच देत नाही.

आणि सागवान निघालं तर पॉलिशच करा. सागवानावर रंग मारायचा म्हणजे पाप आहे.

शेंगाचटणी
काका म्हणजे पॉलिशशिवाय बोलतच नाहीत 😄 ताई पाप बिप काही नाही, आधीच तीन थर आहेत की त्याच्यावर, पाप करणारे करून गेले. मस्त मोरपंखी चॉकपेंट (खडूसारखा, चकाकी नसलेला रंग) मारा. घरी पण होतो, तीन भाग इमल्शन (भिंतीला मारतात तो पाण्यातला रंग) घ्यायचं, एक भाग पीओपी थोड्या पाण्यात गुठळ्या न होता कालवून त्यात टाकायचं, दोन हात मारायचे, वाळल्यावर कडांना हलकं घासायचं म्हणजे खालचा रंग डोकावतो, वरून मेणपॉलिश. थोडंथोडंच कालवा, पीओपी घट्ट व्हायला लागतं. मी टीव्हीखालच्या टेबलाला केलंय, आलेला प्रत्येक माणूस विचारतो कुठून घेतलं.

रंधा
ते टेबल सनमायकाचं असंल, त्याला तुम्ही काय पण फासा. इथं खाली ऑइलपेंट आहे, त्याच्यावर सरळ इमल्शन मारलं तर नखानं सोललं जातंय. आणि सागवान रंगाखाली झाकून टाकायचं तर मग बाजारातनं पार्टिकल बोर्डाचं का आणलं नाही? ताई, रंग काढायचा, मग ८० नंबरचा पॉलिशपेपर, मग १२०, १८०, शेवटी २२०. कायम रेषेच्या दिशेनं, आडवं घासलं तर ओरखडे पॉलिशमधून जन्मभर दिसतात. त्यानंतर चपडा लाख (पातळ पापड्यांची लाख मिळते ती) स्पिरिटमध्ये विरघळवून द्यायची. लिटरला दीडशे ग्रॅम लाख, रात्रभर काचेच्या बाटलीत भिजवा, लोखंडाच्या डब्यात नको, काळी पडते. सुती चिंधीत कापूस गुंडाळून हलक्या हातानं पातळ पातळ हात द्यायचे. हे सकाळी सातला करायचं. आपल्याकडं दुपारी स्पिरिट लावेपर्यंत उडून जातंय आणि चिंधी चिकटून ओढायला लागते. पावसाळ्यात उलटं, दमट हवेत लाख पांढुरकी धरते. म्हणून सोलापुरात पॉलिशला उन्हाळ्याची सकाळ.

जुळेकरीण
पायाखाली खरवडलं, सोनेरी निघालं आणि वास पण आला!! आणि चौकटीला खुंट्या आहेत, मोजल्या नाहीत पण बऱ्याच. आता मला दोघांचंही पटतंय, हेच तर अवघड आहे. रंग काढायला ग्राइंडरला चकती लावून एका दुपारी होईल असं शेजारचे म्हणाले, गॅलरीतच करते.

बाष्पीभवन
ग्राइंडर लावू नका, प्लीज. मी रसायनशास्त्र शिकवतो म्हणून एवढ्या ठामपणे सांगतोय. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं, रंगासाठीही आणि लवकर वाळावं म्हणूनही. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झालाय, आणि तुमच्या कपाटावरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे दिसतात. कोरडं घासलं की ती धूळ गॅलरीतून हॉलमध्ये, फरशीवर, तिथून मुलाच्या हातावर आणि तोंडात. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो आणि त्यात अमुक इतकं चालतं अशी सुरक्षित पातळी मानलेलीच नाही. हीटगनने (गरम हवेच्या यंत्राने) पण नको, फार तापलं तर वाफा निघतात.

त्यामुळे गंमत अशी की या बाबतीत मी चटणीच्या बाजूने आहे. जुना रंग घट्ट बसलेला असेल, पोपडे निघत नसतील, तर त्याला न छेडता वरून झाकणं हे काढण्यापेक्षा सुरक्षित. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, मग वॉटरपेपर (पाणी लावून घासायचा पॉलिशपेपर) ओला करून नुसती चकाकी जाईल इतपत फिरवा, तो चोथा ओल्या फडक्याने टिपून फडकं फेकून द्या, वाळलं की प्रायमर, वर दोन हात. चटणीने प्रायमरचं सांगितलं नाही, तेवढं मात्र काकांचं बरोबर, त्याशिवाय इमल्शन टिकणार नाही. कडांना घासून खालचा रंग दाखवायची हौस मात्र या कपाटावर करू नका. आणि जिथे मुलाचं तोंड पोचतं तिथल्या कडा दर काही महिन्यांनी बघत जा, टवका उडाला की लगेच परत झाका.

शेंगाचटणी
काका वाचलं का 😎

रंधा
वाचलं बे. शिशाचं सर बोलले ते खरं आहे, आमच्या उमेदीत तोंडाला रुमाल सुद्धा कोणी बांधत नव्हतं. मग ताई असं करा, बाहेरून सर म्हणतात तसं. आतून कोरं सागवान आहे ना, तिथं चार फळ्या आणि दारांची आतली बाजू, तेवढ्याला लाख द्या. आत कोणी ऑइलपेंट मारला नाही हे नशीब समजा. दार उघडलं की दिसू दे सागवान. फळ्या पुस्तकांच्या वजनाला वाकतील का ते बघा, दुभत्याच्या कपाटाच्या फळ्या कधी कधी पट्ट्यापट्ट्यांच्या असतात, तशा असतील तर मधोमध खालून एक आडवी पट्टी द्या. चिकटवायच्या आधी सागवान स्पिरिटनं पुसून घ्या, तेलामुळं फेविकॉल नीट धरत नाही. आणि उंच कपाट आहे, भिंतीला अडकवता येत नाही, पोरगं चढणार, तेव्हा जड पुस्तकं सगळ्यात खाली. वर हलकंफुलकं. दारांना वरच्या बाजूला एक कडी पण लावा.

पूर्वभागकर
कपाटावर एवढं रामायण आणि खुर्च्यांचं कोणीच बोलेना. ताई ढेकणाची भीती कपाटापेक्षा खुर्च्यांचीच जास्त, वेताच्या भोकात बसतात. वेत फाटलाच आहे तर सगळा कापून टाका, सांगाडा काळ्या प्लास्टिकमध्ये गच्च बांधून गच्चीवर टाका, मे महिन्यातलं आपलं ऊन काय कामाचं मग. ढेकूण आणि अंडी पन्नास डिग्रीच्या आसपास तासदीडतास राहिले की मरतात, पण ती उष्णता लाकडाच्या फटीत पोचली पाहिजे, म्हणून एक दिवस करून समाधान मानू नका, उलटसुलट करून करा. सासूबाईंना गच्चीवर नेऊन दाखवा.

नवीन वेत विणून घेता येतो, पण विणणारे आता कमी राहिलेत आणि सोलापूरच्या कोरड्या हवेत वेत कडक होऊन तुटतो. घ्यायचाच असेल तर उन्हाळ्यात अधूनमधून बैठकीच्या खालच्या बाजूने पाण्याचा हबका मारत जा. त्यापेक्षा सुती नवार घ्या, पलंगाची असते ती, उभी आडवी चटईसारखी विणायची, खालून टाचण्या (बारीक खिळे). रविवारच्या एका बैठकीत एक खुर्ची होते. वर गादी करा आणि तिला अभ्रा म्हणून आपली जेकार्ड चादर. बाहेरची लोकं सोलापूरला येऊन चादर घेऊन जातात आणि आपण ती पाहुण्यांसाठी कपाटात. दोन्हीकडून नक्षी असते, म्हणजे अभ्रा उलटा करूनही चालतो. फक्त पूर्ण सुती आहे ना ते बघून घ्या आणि शिवायच्या आधी एकदोनदा धुऊन घ्या, सुती चादर आटते, नंतर आटली तर चेन लागायची नाही.

आणखी एक. आमच्याकडं कापड विणायचे माग भंगारात गेले तेव्हा लाकडी धोटे (मागावर आडवा धागा नेतात ते) आणि बॉबिनं (धागा गुंडाळायची रिळं) किलोवर विकली गेली. अजून कुठं कुठं मिळतात. धोटा म्हणजे गुळगुळीत कठीण लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, कपाटाच्या दाराला मूठ म्हणून उभा लावला तर काय दिसतो. टोप्या अणकुचीदार असतात, लहान पोरगं आहे तर त्या घासून बोथट करून घ्या, किंवा नुसती बॉबिनं लावा.

चौपाडकर
ट्रंकबद्दल थोडक्यात. गंज ताराच्या ब्रशने आणि एमरी पेपरने काढायचा, पण त्यावर पण जुना रंग असेल तर सरांचं वरचं सगळं लागू, ओलं करूनच घासा आणि लगेच पुसून कोरडं करा नाहीतर त्याच दिवशी परत गंज धरतो. मग रेड ऑक्साइड प्रायमर, मग इनॅमल. हाताने करायचा कंटाळा आला तर गाड्या रंगवणाऱ्याकडे द्या, तो स्प्रे मारून देतो आणि सफाई घरच्या ब्रशला येत नाही. झाकणावर कोणाचं नाव रंगवलेलं असेल तर ते तेवढं सोडून बाकी रंगवा असं माझं मत. खाली चार चाकं लावली की सोफ्यापुढचं टेबल, आत अंथरुणं. पोराची बोटं सांभाळा, जुन्या ट्रंकेचं झाकण धाडकन पडतं, दोन्ही बाजूला साखळी किंवा गॅसवाला आधार बसवून घ्या.

जुळेकरीण
केवढं लिहिलंत सगळ्यांनी, स्क्रीनशॉट काढून ठेवलेत. तर ठरलं असं, ग्राइंडर कॅन्सल. कपाट बाहेरून प्रायमर आणि मग मोरपंखी (चटणी जिंकली), आतून लाख (काका पण जिंकले). मूठ बॉबिनची. खुर्च्या आजच प्लास्टिकमध्ये बांधून गच्चीवर टाकल्या, सासूबाई स्वतः वर जाऊन प्लास्टिक चाचपून आल्या, गरम होतंय म्हणाल्या. ट्रंकेवर खरंच नाव आहे, गावासकट, पंढरपूरचं कोणीतरी. ते ठेवतेय.

नवार किती रुंद घ्यायची, दोन इंची का तीन?

पूर्वभागकर
दोन इंची. तीन इंचीला खुर्चीच्या कोपऱ्यात फट राहते. आणि ताणून विणा, सैल राहिली तर महिन्यात झोळी होते. विणायला दोघं लागतात, एकाने ओढून धरायचं आणि दुसऱ्याने टाचणी मारायची, त्या शोरूमवाल्या नवऱ्याला लावा कामाला.